जांभळ्या रक्ताची वाट बघत आईचं ऑपरेशन पुढे ढकलू का?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, आई ४७ वर्षांची आहे. गर्भाशयात फायब्रॉइड (गाठी) आहेत, पाळीत प्रचंड ब्लीडिंग होतं, एचबी (हिमोग्लोबिन) ८.२ आलंय. डॉक्टर म्हणाले गर्भाशय काढावं लागेल, महिना-दीड महिन्यात करू, आणि एक-दोन पिशव्या रक्त लागू शकतं, तयारी ठेवा. तिथेच सगळं अडलंय. मामाला १९८७ साली अपघातानंतर रक्त चढवलेलं, त्यातून हेपटायटिस सी झाला, लिव्हर खराब होत होत तो गेला. आई म्हणते परक्याचं रक्त अंगात जाऊ देणार नाही, मग काय व्हायचं ते होऊ दे. आता भावाने तिला एक व्हिडिओ दाखवलाय, जपानने जांभळं कृत्रिम रक्त बनवलंय, कुठल्याही ग्रुपला चालतं, दोन वर्षं टिकतं, व्हायरसची भानगड नाही. आईला ते इतकं पटलंय की म्हणते दोन-तीन वर्षांत येईलच, तोवर थांबू. ट्रायलमध्ये नाव घालता येतं का म्हणून भाऊ मेल करत बसलाय. नसेल जमत तर घरातल्यांचंच रक्त द्या म्हणते. काय करू? — एक लेक"

अगं, आधी उत्तर देऊन टाकते, मग निवांत बोलू. थांबू नका. त्या जांभळ्या रक्तासाठी तर अजिबात नको. आईला दर महिन्याला जेवढं ब्लीडिंग होतंय तेवढं लोखंड अंगातून जातंय, आणि दोन वर्षं थांबलात तर आज जे ८.२ आहे ते कधीतरी ६ होईल आणि मग रक्त घ्यायचं की नाही हा प्रश्न निवांत बसून ठरवायला कोणी वेळ देणार नाही, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ठरेल तो.

मी डॉक्टर नाही, ब्लड बँकेत टेक्निशियन म्हणून २६ वर्षं काढलीयेत, त्यामुळे जे सांगतेय ते पिशवीच्या बाजूने सांगतेय असं समज. औषधं-डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचे.

आईच्या भीतीला हसू नकोस, भावालाही हसू देऊ नकोस. मामांचं जे झालं ते खरंच रक्तातूनच झालं असणार. पण साल बघ. १९८७. हेपटायटिस सीचा व्हायरस सापडलाच मुळी १९८९ मध्ये, त्याआधी डॉक्टर नुसतं 'नॉन-ए नॉन-बी' म्हणायचे, म्हणजे ए नाही बी नाही, काहीतरी तिसरं आहे पण काय ते माहीत नाही. ज्याला नावच नव्हतं त्याची टेस्ट कुठून असणार? रक्तदात्यांची तपासणी त्यानंतर सुरू झाली, आणि ज्यांनी तो व्हायरस शोधला त्यातल्या तिघांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपटायटिस बी, सी, सिफिलिस अशी तपासणी होते, बऱ्याच ठिकाणी नॅट टेस्टही होते, म्हणजे व्हायरसचं जेनेटिक मटेरियलच शोधतात, त्यामुळे इन्फेक्शन होऊन टेस्टमध्ये न दिसण्याचे जे दिवस असतात ते खूप कमी होतात. शून्य होत नाहीत, खोटं कशाला बोलू. पण आईच्या डोक्यात जो धोका बसलाय तो १९८७चा आहे. आणि हेपटायटिस सी आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, हे तिला नक्की सांग, मामांच्या वेळी हे नव्हतं म्हणून जास्तच लागेल तिला, पण सांग.

आता व्हिडिओ. गंमत म्हणजे त्यात सांगितलंय ते बरंचसं खरं आहे. नारा मेडिकल युनिव्हर्सिटीत हिरोमी साकाई म्हणून संशोधक आहेत, त्यांच्या टीमचं ते काम. मुदत संपलेल्या, म्हणजे फेकून द्यायच्या रक्तातून हिमोग्लोबिन काढतात, आणि चरबीच्या एका पातळ आवरणात भरून बारीक बारीक पुड्या करतात, लाल पेशीपेक्षा साधारण ३० पट छोट्या. ब्लड ग्रुप ठरवणाऱ्या खुणा लाल पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात, ते आवरणच काढून टाकलं की ग्रुपही गेला, म्हणून कोणालाही चालतं. ऑक्सिजन काढून साठवतात म्हणून रंग जांभळा. गरम करून, गाळून व्हायरस काढलेले असतात. दोन वर्षं साध्या तापमानाला टिकतं.

पण वाचलंस ना कशातून काढतात? माणसाच्याच रक्तातून. परक्याच्या! आईला हे सांगितलंस की अर्धा व्हिडिओ तिथेच संपेल.

आणि ट्रायलचं म्हणशील तर छापून आलेल्या पहिल्या ट्रायलमध्ये १२ निरोगी पुरुष होते आणि जास्तीत जास्त डोस १०० मिली. आपल्या पॅक सेलच्या, म्हणजे नुसत्या लाल पेशींच्या एका पिशवीत अडीचशे-तीनशे मिली असतं, त्यावरून अंदाज घे. काहींना ताप, पुरळ असं किरकोळ झालं आणि गेलं. पुढचा टप्पा १०० ते ४०० मिलीचा ठरवला, तोही निरोगी लोकांवर. ८.२ एचबीच्या बाईला त्यात कोण घेणार. २०३०च्या आसपास वापरात आणायचं असं त्यांनी ध्येय ठेवलंय, पण या विषयातली ध्येयं कशी पुढे पुढे जातात हे सगळं जग गेली पन्नास-साठ वर्षं बघतंय, आणि का जातात ते समजून घेतलंस तर आईला समजावणं सोपं जाईल म्हणून जरा लांबण लावते.

आमच्याकडे पिशवी फ्रिजमधून काढली की इश्यू करायच्या आधी उजेडात धरून बघायची सवय असते. पेशी खाली बसलेल्या असतात, वर जे पाणी असतं ते फिकट पिवळट किंवा पांढरट हवं. ते गुलाबी-लाल दिसलं तर पिशवी बाजूला, कितीही टंचाई असो. कारण लाल झालं म्हणजे पेशी फुटल्यात आणि आतलं हिमोग्लोबिन बाहेर आलंय. पेशीच्या आत असतं तोवर हिमोग्लोबिनसारखा गुणी प्राणी नाही, बाहेर मोकळं सुटलं की त्रास. त्याचे तुकडे होतात, किडनीत जाऊन किडनी खराब करतात. आणि रक्तवाहिन्या सैल ठेवायला शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, तो हे मोकळं हिमोग्लोबिन शोषून घेतं, मग रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदयाला रक्त कमी पडतं.

आता बघ, आम्ही जे दिसलं की पिशवी फेकतो, तेच औषध म्हणून द्यायचं असा हा सगळा प्रयोग होता. मूर्ख होते म्हणून नाही, ऑक्सिजन वाहून न्यायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही म्हणून. १९४९ मध्ये अॅम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या एका बाईला हिमोग्लोबिनचं द्रावण दिल्याचं छापलं. ती बाई आधी सुधारली, आणि मग किडनी बंद पडून गेली. पुढच्या लोकांनी ते हिमोग्लोबिन रसायनं लावून एकमेकांना बांधलं, म्हणजे तुकडे होऊ नयेत. किडनीचं बरंच सुधारलं पण नायट्रिक ऑक्साइडचं काय? बॅक्स्टर कंपनीचं हेमअसिस्ट होतं, मोठ्या अपघातातल्या पेशंटवर ट्रायल केली, १९९८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण ते दिलेल्या ५२ पैकी २४ जण २८ दिवसांत गेले आणि ज्यांना साधं सलाईन दिलं त्या ४६ पैकी ८. साध्या मिठाच्या पाण्यापुढे हरलं गं ते.

मग पॉलीहीम. अमेरिकेत २००३ ते २००६, सातशेच्या वर पेशंट, अॅम्ब्युलन्समध्येच द्यायला सुरुवात. बेशुद्ध माणसाची संमती कशी घेणार, तर घेतलीच नाही, तिथल्या नियमात इमर्जन्सीसाठी तशी सूट आहे. ज्याला नको असेल त्याने आधीच निळं ब्रेसलेट मागवून हातात घालून फिरायचं! म्हणजे अपघात व्हायच्या आधी तुम्हाला ट्रायलची बातमी कळलेली पाहिजे, ब्रेसलेट मागवलेलं पाहिजे आणि त्या दिवशी घातलेलं पाहिजे. वर हॉस्पिटलला पोचल्यावर, खरं रक्त समोर असतानाही १२ तासांपर्यंत तेच चालू ठेवायचं असा प्लॅन होता, मला वाचताना याचाच जास्त राग आलेला. रस्त्यात रक्त नाही म्हणून काहीतरी देणं वेगळं आणि फ्रिज शेजारी असताना न देणं वेगळं. शेवटी मृत्यू पॉलीहीमच्या गटात १३ टक्क्यांच्या वर आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १० च्या खाली निघाले, फरक ठामपणे म्हणावा इतका नव्हता पण दिशा चुकीची होती. २००९ मध्ये परवानगी नाकारली गेली, कंपनीही बंद झाली.

२००८ मध्ये अशा पाच वेगवेगळ्या प्रॉडक्टच्या १६ ट्रायल एकत्र करून कोणीतरी हिशेब मांडला, ३७११ पेशंट. मृत्यूचा धोका साधारण ३० टक्क्यांनी जास्त, हार्ट अटॅकचा अडीच पटीपेक्षा जास्त.

दुसरा रस्ताही होता, हिमोग्लोबिन नकोच, परफ्लुरोकार्बन नावाचं द्रव वापरायचं ज्यात ऑक्सिजन खूप विरघळतो. १९६६ मध्ये क्लार्क आणि गोलान यांनी उंदीर त्या द्रवात अख्खा बुडवला आणि तो आत श्वास घेत राहिला. भारी प्रयोग. त्यातून आलेल्या फ्लुओसोलला १९८९ मध्ये अमेरिकेत परवानगीही मिळाली, अँजिओप्लास्टीसाठी. पण गोठवून ठेवा, मग वितळवा, मग मिसळा, एवढं करून फायदा बेताचा, १९९४ मध्ये बंद.

हे सगळं वाचून तुला वाटेल ताई कृत्रिम रक्ताच्या विरोधात आहे. अजिबात नाही. उलट मी तर वाट बघतेय. माझं म्हणणं एवढंच की दरवेळी विचारायचं, कशाच्या तुलनेत? तपासलेली, क्रॉसमॅच केलेली, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघितलेली पिशवी दहा मिनिटांत मिळत असेल तर आजवरचं कुठलंही कृत्रिम रक्त तिच्यापुढे टिकलेलं नाही. पण पिशवी नाहीच आहे तर? बाळंतीण रक्तस्रावाने चाललीये आणि जवळची ब्लड बँक पाच तासांवर आहे, किंवा युद्धात, किंवा पेशंटचा धर्मच रक्त घेऊ देत नाही. तिथे तुलना रक्ताशी नाही, मरणाशी आहे, आणि तिथे मी हार्ट अटॅकचा धोका खुशाल घेईन. गायीच्या हिमोग्लोबिनचं हेमोप्युअर आहे, त्याला दक्षिण आफ्रिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली, बाकी काही ठिकाणी दुसरा कुठलाच उपाय नाही अशा पेशंटला खास परवानगीने दिलं जातं आणि त्यातले काही त्याच्यावर तरलेतही. अमेरिकेत अॅलन डॉक्टर (डॉक्टर हे आडनावच आहे) यांची टीम एरिथ्रोमर करतेय, हिमोग्लोबिन पुड्यांमध्ये भरून सुकवून पावडर, वेळेला पाणी घालून हलवायची आणि द्यायची. जपानचंही तसंच, पुडीत भरल्यामुळे हिमोग्लोबिन मोकळं सुटत नाही, म्हणजे ती जुनी चूक त्यांनी मुळातूनच धरलीये. म्हणून मला त्यांच्याकडून आशा आहे. लाल पेशी फ्रिजमध्ये जेमतेम ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर ५ दिवस, तेही सतत हलवत ठेवून, त्यापुढे दोन वर्षं टिकणारी पिशवी ही काय चीज आहे हे ज्याने मुदत संपलेल्या पिशव्या मोजून डिसकार्डला टाकल्यात त्यालाच कळेल.

फक्त एक गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही. हे रक्त टिकतं ते कपाटात, अंगात नाही. आपल्या लाल पेशी १२० दिवस जगतात. हेमोप्युअरसारखं द्रव्य साधारण एका दिवसात अर्धं निघून जातं. पुड्यावालंही काही महिनोन्महिने फिरत राहणार नाही. आणि ते फक्त ऑक्सिजन नेतं, रक्त गोठवत नाही, इन्फेक्शनशी लढत नाही. म्हणून खरं तर त्याला रक्त म्हणणंच चूक आहे, हॉस्पिटल येईपर्यंतचा पूल आहे तो. ठरवून केलेल्या ऑपरेशनला, ब्लड बँक हाताशी असताना, पूल कशाला? उद्या ते बाजारात आलं तरी तुझ्या आईचा नंबर त्या रांगेत शेवटचा असेल, आणि तसाच असायला हवा.

(लॅबमध्ये खऱ्या लाल पेशी वाढवायचा प्रयोग वेगळा आहे, भाऊ आता त्याचा व्हिडिओ काढेल म्हणून सांगून ठेवते. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये पहिल्यांदा त्या दुसऱ्या माणसांना दिल्या, ५-१० मिली, म्हणजे एक-दोन चमचे. सगळ्या पेशी ताज्या असल्याने जास्त दिवस टिकतील का हे बघतायत. थॅलेसेमिया, सिकल सेलवाल्यांना आणि दुर्मिळ ग्रुपवाल्यांना त्याचा खरा उपयोग. आईला नाही.)

आता कामाचं. आईला परक्याचं रक्त नकोय ना? मग तिचं स्वतःचं बनवा. आत्ता, हे तू वाचतेयस तेव्हा, निरोगी माणसाचं बोनमॅरो सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी तयार करतं. आईच्या कारखान्यात मशीन ठीक असेल, कच्चा माल संपलाय, लोखंड. ब्लीडिंगमधून दर मिलीला अर्धा मिलिग्राम लोखंड जातं, ते जेवणातून भरून निघत नाही अशा वेळी. तुमच्याकडे महिना-दीड महिना आहे आणि ही खूप मोठी गोष्ट आहे, तो व्हिडिओ बघण्यात घालवू नका.

डॉक्टरांकडे जाऊन फेरिटीन आणि बी१२ तपासायला सांग. फेरिटीन म्हणजे लोखंडाची शिल्लक. कमी असेल तर शिरेतून आयर्न देता येईल का विचार, गोळ्या पोटाला सोसत नाहीत आणि वेळ कमी आहे तेव्हा ते फार उपयोगी पडतं, दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. गोळ्याच दिल्या तर चहा-कॉफीसोबत घेऊ नका, बरंचसं वाया जातं. दुसरं, ऑपरेशनपर्यंत ब्लीडिंग थांबवायला हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देता येईल का हे विचार, कारण इकडून आयर्न भरायचं आणि तिकडून पाळीत सांडायचं याला अर्थ नाही. एचबी ११-१२ ला नेऊन ऑपरेशनला गेली तर पिशवी लागायची शक्यताच बरीच कमी होते.

सर्जन आणि भूलतज्ज्ञांना मोकळेपणाने सांग की पेशंटला रक्त शक्यतो नकोय. हल्ली याला कोणी वेड्यात काढत नाही. आणि विचार, ट्रॅनेक्झामिक अॅसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध देणार का, सेल सेव्हर आहे का, म्हणजे सांडलेलं आईचंच रक्त धुवून तिलाच परत देणारं मशीन, आणि रक्त कुठल्या आकड्याला चढवणार. पूर्वी १० च्या खाली गेलं की चढवायचे, १९९९ मध्ये ८३८ आयसीयू पेशंटचा कॅनडातला अभ्यास आला तेव्हापासून बऱ्याच पेशंटमध्ये ७ पर्यंत थांबतात, हार्टचा त्रास असेल तर जरा आधी. आणि दिलंच तर एक पिशवी, मग परत एचबी बघून दुसरी. आमच्याकडे वर्षानुवर्षं दोन-दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्या यायच्या, का दोन म्हणून विचारलं की उत्तर यायचं, नेहमी दोनच मागवतो.

घरातल्यांचंच रक्त द्या हे मात्र नको. ऐकायला बरं वाटतं, पण सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, आत राहून ठाण मांडतात आणि पेशंटवरच उलटतात, क्वचित होतं पण झालं तर वाचणं कठीण, त्यासाठी ती पिशवी मुद्दाम रेडिएशन देऊन घ्यावी लागते. शिवाय सगळ्या घरासमोर 'मी देऊ शकत नाही' म्हणायला माणूस लाजतो आणि फॉर्मवर खोटं लिहितो. अनोळखी माणसाला लाजायचं कारण नसतं. स्वतःचंच आधी काढून ठेवायचं तर ८.२ वर कोणी काढणार नाही.

आणि एक अवघड बोलणं बाकी राहतं, ते ऑपरेशनच्या आदल्या रात्री नाही, आत्ता करा. आईला विचार, नको म्हणजे जमेल तोवर नको, की जीव जात असला तरी नको? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'काय व्हायचं ते होऊ दे' हे त्यातलं काहीच नाही, तो राग आहे मामांसाठीचा. ती सज्ञान आहे, निर्णय तिचाच, तुम्ही दोघांनी तिच्या नावाने ठरवायचं नाही. पण भूलतज्ज्ञांसमोर बसून, तिने स्वतः, तिच्या तोंडाने सांगावं आणि ते लिहून घ्यावं. माझा अनुभव असा आहे की नव्वद टक्के बायका, बरं नव्वद नको म्हणूया, बहुतेक बायका तिथे 'अगदीच लागलं तर द्या' म्हणतात. हवं तर ब्लड बँकेत घेऊन जा तिला एकदा, तपासणी कशी होते ते दाखवा म्हणावं, नाही म्हणत नाहीत सहसा. मी कितीतरी जणांना ती पिशवी उजेडात धरून दाखवलीये.

फेरिटीनचा आकडा आला की कळव. आणि भावाला सांग, तो जपानला मेल करायचं थांबव आणि आईला आयर्नच्या अपॉइंटमेंटला घेऊन जा.